आभाळातला झोका

पंचमीच्या झोक्याचीच गोष्ट घ्या. चिंचेच्या फांदीला दोर बांधलेला, फळीवर घरातली थोरली सून बसलेली आणि मागून ढकलायला सात-आठ वर्षांचे पोर. पोराच्या अंगात ताकद ती केवढी! पण झोका मागे येऊन क्षणभर थांबला, की नेमके त्याच वेळी ते हलकेसे लोटते. पुन्हा झोका मागे आला, पुन्हा लोटले. दहा-बारा झोक्यांत सुनेचे पाय फांदीला लागायला येतात. तेच पोर वेळ चुकवून मध्येच आडवे गेले, तर झोका मंदावतो आणि वर पोर आपटते ते वेगळेच.

लोटणे लहान, पण वेळ साधलेली. युक्ती एवढीच. आपल्या डोक्यावर वीस-तीस हजार किलोमीटर उंचीवर निसर्ग हीच युक्ती वापरत असतो. तिथे झोक्यावर बसलेला असतो विजेचा अतिसूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन. आणि त्याला लोटणारे पोर म्हणजे चुंबकीय लाटा.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या उंचीवरच्या कणाशी शेतकऱ्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पेरणीपर्यंत पोचतो. पावसाळ्यात टीव्हीवर ढगांचे जे चित्र दाखवतात ते इन्सॅट जातीचे उपग्रह पाठवतात. 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या देशाने श्रीहरिकोट्याहून सोडलेला इन्सॅट-3डीएस हा त्यातलाच एक. हे उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतात. छपरावरची डिश ज्याच्याकडे तोंड करून बसते तो उपग्रहही त्याच उंचीवर. आणि ती सगळी जागा या पिसाट कणांच्याच रानात आहे.

कॅनडातला तो दिवस

हे कण काय करू शकतात याचा दाखला कॅनडा देशाला 20 जानेवारी 1994 रोजी मिळाला. त्या देशाचे अनिक ई-1 आणि अनिक ई-2 हे दोन उपग्रह एकाच दिवशी, काही तासांच्या अंतराने, भरकटले. उपग्रहाला नीट तोंड करून ठेवणारे आतले फिरते चाक ज्या विजेच्या मंडलावर चालते, तेच बिघडले. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या गावांचे टेलिफोन बंद पडले, वर्तमानपत्रांना बातम्या मिळेनात, लाखो घरांतला टीव्ही आंधळा झाला. पहिला उपग्रह काही तासांत ताळ्यावर आला. दुसऱ्याला सावरायला मात्र कित्येक महिने लागले.

त्या आधीचे काही दिवस आकाशात वेगवान इलेक्ट्रॉनांची दाटी झाली होती. असा कण दोन-एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून आरपार जातो आणि आतल्या तारांच्या वेष्टनात रुतून बसतो. एकामागून एक कण रुतत गेले की विजेचा भार साचतो आणि एक दिवस ठिणगी उडते. घरातल्या फ्यूजचे ठीक आहे, दुसरी तार घालता येते. 36 हजार किलोमीटरवर कोण जाणार तार घालायला? म्हणूनच शास्त्रज्ञांनी या कणांचे नाव ‘मारेकरी इलेक्ट्रॉन’ असे ठेवले आहे.

मोजयंत्र गप्प झाले तेव्हा

या कणांचा शोध लागला तो अमेरिकेतल्या आयोवा या मक्याच्या राज्यात. तिथल्या माउंट प्लेझंट या लहानशा गावी जन्मलेले जेम्स व्हॅन ॲलन हे आयोवा विद्यापीठात प्राध्यापक होते. 31 जानेवारी 1958 रोजी अमेरिकेने एक्सप्लोरर-1 हा आपला पहिला उपग्रह सोडला. त्यावर व्हॅन ॲलन यांनी बनवलेले, वेगवान कण मोजणारे गायगर यंत्र बसवले होते.

यंत्राचे आकडे आले आणि सगळे चक्रावले. उपग्रह खाली असताना यंत्र बरोबर मोजत होते. उंच गेला की आकडा शून्य! वर काहीच नाही, असे कसे होईल? तेव्हा कार्ल मॅकइलवेन या त्यांच्या विद्यार्थ्याने तसेच एक यंत्र जोरदार क्ष-किरणांसमोर धरले. तेही गप्प झाले. तराजूत झेपेल त्याहून जास्त माल टाकला, की काटा अडकून बसतो, तसला प्रकार. म्हणजे वर कण नव्हते असे नाही. इतके होते की यंत्राला ते मोजता येईनात. मार्चमध्ये गेलेल्या एक्सप्लोरर-3 ने याला दुजोरा दिला आणि 1 मे 1958 रोजी व्हॅन ॲलन यांनी हा शोध जाहीर केला.

पृथ्वीभोवती अशा कणांची दोन कडी आहेत. आतले कडे साधारण एक हजार ते सहा हजार किलोमीटर उंचीवरचे. त्यात मुख्यतः प्रोटॉन. बाहेरचे सुमारे तेरा हजारांपासून साठ हजार किलोमीटरपर्यंत पसरलेले, त्यात इलेक्ट्रॉन. दोघांमध्ये पेरताना सुटलेल्या पट्टीसारखी जवळजवळ मोकळी जागा. यांना व्हॅन ॲलन पट्टे म्हणतात.

पण एक कोडे तेव्हापासून राहिले. सूर्याकडून येणारे इलेक्ट्रॉन तसे मवाळ असतात. पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनांची शक्ती दहा लाख व्होल्टांच्याही वर. बॅटरीतला एक सेल दीड व्होल्टाचा. म्हणजे जवळजवळ सात लाख सेल एकापुढे एक लावावेत तेव्हा एका इलेक्ट्रॉनाला एवढा धक्का बसेल. मग त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या शंभरात चौऱ्याण्णव भाग होतो. आभाळात हे सेल लावले कोणी?

भोवरा, धोटा आणि पात

ते समजायला आधी हा कण तिथे कसा नांदतो ते पाहू. पृथ्वी हे एक मोठे चुंबक आहे. तिच्या चुंबकीय रेषा दक्षिणेकडून निघतात, आकाशात कमानीसारख्या उंच जातात आणि उत्तरेकडे उतरतात. इलेक्ट्रॉन या रेषांत सापडला की त्याला तीन चाली लागतात.

पहिली चाल भोवऱ्याची. रेषेभोवती तो गरगर फिरतो, एका सेकंदात हजारो वेळा. दुसरी चाल मागावरच्या धोट्याची. फिरत फिरत तो रेषेवरून उत्तरेला जातो, तिथे चुंबकाचा जोर वाढला की परततो, दक्षिणेला जाऊन पुन्हा परततो. अशी एक खेप सेकंदभराच्या आत होते. तिसरी चाल खळ्यावरच्या पातीची. तिवड्याभोवती बैलांची पात फिरावी तसा तो पृथ्वीला वळसा घालतो. दहा लाख व्होल्टांच्या इलेक्ट्रॉनाला अशा एका फेरीला दहा-एक मिनिटे लागतात.

भोवऱ्याची चाल अतिचपळ, पातीची संथ. या दोन चाली ध्यानात ठेवा. झोक्याला लोटायचे तर झोक्याचा ताल धरावा लागतो. इथे ताल दोन आहेत आणि त्यांना लोटणाऱ्या लाटाही दोन तऱ्हेच्या आहेत.

दावे वळवते, हाकत नाही

इथे एक शंका येईल. चुंबक कणाला पळवतो तरी कसा? खरे तर नुसता चुंबक पळवत नाहीच. तिवड्याला बांधलेले दावे बैलाला गोल वळवते. त्याची चाल काही वाढवत नाही. तसाच स्थिर चुंबक कणाला वळवतो, पण वेग देत नाही.

मग सायकलचा डायनॅमो आठवा. त्याच्या आत एक चुंबक असतो. सायकल उभी असली की दिवा विझलेला. चाक फिरले, चुंबक हलला, की तारेत वीज येते आणि दिवा लागतो. हलता-बदलता चुंबक विजेचा रेटा निर्माण करतो. आकाशातली चुंबकीय लाट म्हणजे चुंबकाचे थरथरणेच. त्या थरथरीबरोबर विजेचा रेटा येतो आणि हा रेटाच इलेक्ट्रॉनाला लोटतो.

आधी संथ लाटा पाहू. सूर्यापासून सतत वाहणारा कणांचा वारा पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतो. जोर वाढला की पत्र्याचे छप्पर वाऱ्याने हलावे तसे हे कवच हलते आणि त्यात काही मिनिटांना एक हेलकावा अशा लाटा उठतात. त्यांचा ताल पातीच्या चालीशी जुळला, की इलेक्ट्रॉनाला फेरीगणिक त्याच जागी त्याच दिशेचा रेटा मिळतो आणि तो हळूहळू पृथ्वीच्या जवळ सरकतो. जवळ चुंबकाचा जोर जास्त. तिथे ओढला गेलेला कण शक्ती कमावतो. दोरीला बांधलेला दगड गरगर फिरवताना दोरी आत ओढून घेतली की दगडाचा वेग वाढतो, तसेच हे.

या संथ लाटांची थरथर जमिनीवरच्या नाजूक चुंबकसुईलाही कळते. आपल्या अलिबागला 1904 पासून चुंबकीय वेधशाळा आहे. आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चाले. 1859 च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या प्रचंड सौरवादळाची नोंद कुलाब्याच्या वहीत आहे आणि जगभरचे शास्त्रज्ञ आजही ती अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅमगाड्या यायच्या म्हटल्यावर त्यांच्या विजेने सुई बिघडेल, म्हणून डॉ. नानाभाई मूस यांनी वेधशाळा अलिबागला नेली आणि इमारतीत लोखंड येऊ दिले नाही.

पहाटेचा किलबिलाट

दुसरी लाट चपळ आहे आणि तिचे नावच गोड आहे. लांब तार ताणून तिला कर्णा जोडला, तर कधी कधी पहाटेच्या सुमाराला त्यातून पाखरांच्या किलबिलाटासारखा आवाज येतो. पाखरे मात्र कुठेच नसतात. सेकंदाला काही शे ते काही हजार कंपने करणाऱ्या या चुंबकीय लाटा. कंपनांची संख्या आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाइतकीच असते, म्हणून कर्ण्यातून त्यांचा सूर ऐकता येतो. पृथ्वीच्या पहाटेकडच्या बाजूला त्यांचा जोर जास्त असतो. शास्त्रज्ञांनीही त्यांना पहाटेच्या पाखरांचेच नाव दिले.

ही लाट उठते कशी? चुंबकीय वादळात पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूकडून मध्यम शक्तीच्या इलेक्ट्रॉनांचा लोंढा आत शिरतो. त्यांच्या घिरट्यांत साठलेली जादा शक्ती ते लाटेला देऊन टाकतात आणि लाट माजते. त्याच रानात थोडे वरच्या ताकदीचे, काही लाख व्होल्टांचे इलेक्ट्रॉन असतात. यांना शास्त्रज्ञ ‘बियाणे’ असेच म्हणतात. लाट यांच्यासमोरून येते. समोरून येणाऱ्या एस.टी.चा भोंगा जसा चढ्या सुरात ऐकू येतो, तशी धावत्या कणाला लाटेची कंपने जास्त भरतात आणि त्याच्या भोवऱ्याच्या तालाशी जुळतात. ताल जुळला की लोटणे सुरू. पुष्कळांनी थोडे थोडे घातलेले खत थोड्या रोपांनी ओढून घ्यावे, तशी लोंढ्याची शक्ती लाटेच्या हातून या बियाण्याला मिळते आणि काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, मारेकरी इलेक्ट्रॉनांचे पीक उभे राहते.

बाहेरून आले, की शेतातच पिकले?

या दोन लाटांत मुख्य काम कोणाचे, यावर शास्त्रज्ञांत बरीच वर्षे वाद होता. काही म्हणत, कण बाहेरून आत ढकलले जातात आणि वाटेत शक्ती कमावतात. काही म्हणत, ते पट्ट्याच्या मधोमधच पिकतात.

याचा निवाडा कसा करावा? समजा, तुमच्या शेतात ओल आली आहे. ती कालव्याच्या पाझराने आली असेल, तर कालव्याच्या कडेला जास्त ओल आणि आत कमी कमी होत जाणार. पण कडेला जमीन कोरडी आणि मधोमध चिखल असेल, तर तिथे खाली झरा आहे, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

नेमके हेच पाहायला 30 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेने दोन जुळे उपग्रह सोडले. पुढे त्यांना व्हॅन ॲलन यांचेच नाव दिले. त्यांवरची लाटा ऐकणारी यंत्रे आयोवा विद्यापीठातच बनली होती. 600 किलोमीटरपासून सुमारे 30 हजार किलोमीटरपर्यंत, दर नऊ तासांनी एक फेरी, थेट पट्ट्यांच्या पोटातून. दोन अशासाठी, की एकट्या राखणदाराला ओल आता वाढली की इथेच जास्त आहे ते कळत नाही. दोघे दोन ठिकाणी असले की कळते. पहिल्याच महिन्यात त्यांनी तिसरा पट्टाही दाखवला. चार-एक आठवडे तो टिकला आणि मग सूर्याकडून आलेल्या धक्क्याने मोडून गेला.

8 आणि 9 ऑक्टोबर 2012 च्या वादळात निवाडा लागला. कणाची शक्ती आणि जागोजागचा चुंबकाचा जोर यांचा हिशेब मांडून पाहिले, तर उंचवटा पट्ट्याच्या मधोमध होता आणि तो वाढत होता; बाहेरच्या बाजूला उतार होता. म्हणजे झरा शेतातच! किलबिलाटाच्या लाटांचा मोजलेला जोर हिशेबात घातला तेव्हा इलेक्ट्रॉनांची वाढ त्याच्याशी जुळली. हे दोन्ही निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. संथ लाटा मात्र रिकाम्या बसत नाहीत. पिकलेले कण आत-बाहेर पसरवण्याचे आणि काही वादळांत त्यांना आणखी चढवण्याचे काम त्या करतात. हे जुळे दोन वर्षांसाठी पाठवले होते. सात वर्षे राबले आणि 2019 मध्ये निवृत्त झाले.

लोटणारा हात पाडतोही

वेळ चुकली की पोर झोका थांबवते, तसेच इथेही होते. किलबिलाटाची हीच लाट काही इलेक्ट्रॉनांची वाट वाकडी करते. मग ते धोट्याच्या टोकाला परतत नाहीत, खाली हवेच्या थरात घुसतात आणि संपतात. दोन पट्ट्यांमधली ती मोकळी पट्टीसुद्धा अशाच एका सुसाट लाटेने झाडून ठेवली आहे. म्हणजे एकाच वेळी पेरणी चालू आणि उपटणेही चालू.

त्यामुळे वादळ आले की मारेकरी कण वाढलेच, असे होत नाही. 2003 साली 276 वादळांचा हिशेब प्रसिद्ध झाला. सुमारे निम्म्या वादळांनंतर कण वाढले, पाचात एका वेळी उलट घटले आणि उरलेल्या वेळी फारसा फरक पडला नाही. ढग दिसले की पाऊस पडतोच असे नाही, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. वादळाचा जोर पाहून भागत नाही. कोणती लाट उठली, बियाणे किती होते, तेही पाहावे लागते. लाटांचा अभ्यास करायचा तो यासाठी.

आपल्या दारापर्यंत

आधी एक काळजी मिटवू. हे इलेक्ट्रॉन जमिनीपर्यंत येत नाहीत. वर चुंबकाचे कुंपण आणि खाली हवेची जाड गोधडी. पिकाला, गुराढोरांना, माणसाला त्यांचा उपद्रव नाही. उपद्रव आहे तो आपण वर पाठवलेल्या राखणदारांना.

दुसरे, सूर्याच्या वादळाचे प्रताप एकाच जातीचे नसतात. 2024 च्या मे महिन्यात, 10 तारखेपासून, मोठे चुंबकीय वादळ झाले. लडाखमध्ये हान्लेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. अमेरिकेच्या मक्याच्या मुलखात ऐन पेरणीत उपग्रहाच्या खुणेवर चालणारे ट्रॅक्टर ओळी चुकू लागले आणि काहींना पेरणी थांबवावी लागली. ते काम मारेकरी इलेक्ट्रॉनांचे नव्हते. वरच्या हवेतला विद्युतभारित थर ढवळला गेला आणि उपग्रहाचा संदेश वाटेत बिघडला. पण त्याच वादळानंतर पट्ट्यांच्या मध्ये दोन नवे तात्पुरते पट्टे तयार झाल्याचे कोलोरॅडो विद्यापीठाच्या एका छोट्या उपग्रहाने टिपले. ते 2025 साली जाहीर झाले.

झोका थांबवणे आपल्या हाती नाही. पण तो चढतो आहे हे आधी कळले तर पुष्कळ करता येते. उपग्रह बनवणारे नाजूक भागांभोवती जाड पत्रा घालतात, साचलेला विजेचा भार वाहून जायला वाट ठेवतात. चालवणारे वादळाच्या दिवसांत अवघड हुकूम पुढे ढकलतात आणि हाताशी माणूस बसवून ठेवतात. पीक उभे राहायला दिवस-दोन दिवस लागतात. तेवढा अवधी इशाऱ्याला पुरतो. आपला आदित्य-एल1 हा उपग्रह 2024 च्या जानेवारीत पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, सूर्याच्या वाटेवर जाऊन बसला आहे. सूर्याचा वारा त्याच्यापाशी आधी पोचतो, आपल्याकडे अर्ध्या-एक तासाने.

येत्या मृगात टीव्हीवर ढगांचे चित्र लागले, की घरातल्या पोरांना एवढे जरूर सांगा. ते चित्र पाठवणारा राखणदार 36 हजार किलोमीटरवर एका अदृश्य झोक्याच्या टप्प्यात उभा आहे. झोका कोण लोटते ते आता आपल्याला कळले आहे. कधी किती चढेल, हे आठ दिवस आधी सांगणे अजून बाकी आहे. ते काम कदाचित तुमच्याच घरातल्या, आज चिंचेखाली झोका ढकलणाऱ्या पोरीच्या वाट्याला यायचे असेल.